मुंबईत नवीन आहात? साथीच्या काळात महापालिकेची मदत कशी मिळवायची

पोटापाण्यासाठी मुंबईत आलेल्या माणसाला एरवी महापालिकेची आठवण होते ती नळाला पाणी आलं नाही किंवा कचरा उचलला गेला नाही की. साथ आली की मात्र हीच महापालिका तुमची चाचणी करते, रुग्णालयात खाट देते, दुकान कधी उघडायचं ते ठरवते आणि वेळ आली तर मृत्यूचा दाखलाही तिच्याच खिडकीवर मिळतो. मार्च 2020 ते 2022 या कोविडच्या काळात मुंबईने हे सगळं पाहिलं. त्या काळात कोणती सोय कुठून मिळाली आणि कशी मिळाली, ते नवख्या माणसाला उपयोगी पडेल अशा क्रमाने इथे मांडतो आहे. पुढची साथ कोणत्या आजाराची असेल ते कुणालाच सांगता येणार नाही. पण ठोठावायची दारं बहुतेक हीच असतील.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. मदत आली तेव्हा ज्यांचं नाव कुठल्यातरी सरकारी यादीत होतं, त्यांच्यापर्यंत ती लवकर पोचली. ज्यांचं नाव कुठेच नव्हतं, त्यांना उशिरा मिळाली किंवा मिळालीच नाही. हे मला अन्यायाचं वाटतं आणि ते बदलायला हवं. तोवर आपलं नाव यादीत असेल एवढं तरी आपण बघू शकतो.

पहिली पायरी: आपला वॉर्ड ओळखा

मुंबईत ‘वॉर्ड’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात आणि नवीन माणूस इथेच गोंधळतो. एक असतो निवडणुकीचा प्रभाग. असे 227 प्रभाग आहेत आणि प्रत्येकातून एक नगरसेवक निवडून येतो. दुसरा असतो प्रशासकीय विभाग. त्याला इंग्रजी अक्षराचं नाव असतं: ए, बी, सी, डी, जी उत्तर, के पश्चिम, एम पूर्व, पी उत्तर वगैरे. कोविडच्या काळात असे 24 विभाग होते. नंतर काही मोठ्या विभागांचं विभाजन झालं. प्रत्येक विभागाचा प्रमुख सहायक आयुक्त असतो. साथीत तुमचं काम पडतं ते या दुसऱ्या वॉर्डाशी.

धारावी, माहीम आणि दादरचा भाग जी उत्तरमध्ये येतो, कुर्ला एलमध्ये, भायखळा ईमध्ये. आपल्या इमारतीचा किंवा चाळीचा वॉर्ड कोणता, हे सोसायटीच्या मालमत्ता कराच्या बिलावर लिहिलेलं असतं. ते हाताशी नसेल तर शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारा, तो लगेच सांगेल. वॉर्डाचं अक्षर, वॉर्ड ऑफिसचा पत्ता आणि जवळच्या पालिका दवाखान्याचा किंवा आरोग्य केंद्राचा पत्ता या तीन गोष्टी एका कागदावर लिहून घरातल्या सगळ्यांना माहीत करून द्या.

आणखी एक नंबर पाठ हवा: 1916. हा महापालिकेच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षाचा क्रमांक आहे. पावसात झाड पडलं तरी हाच आणि साथीतही हाच.

दुसरी पायरी: कोण काय देतं ते समजून घ्या

चुकीच्या रांगेत उभं राहिलं की दिवस वाया जातो. म्हणून हे एकदा नीट बघा.

चाचणी, रुग्णालय, विलगीकरण, लसीकरण, इमारत सील करणं, सार्वजनिक शौचालयांची स्वच्छता, दुकानांच्या वेळा आणि जन्म-मृत्यूचे दाखले ही कामं महापालिकेकडे असतात. रेशन मात्र पालिका देत नाही. त्यासाठी राज्य सरकारचं शिधावाटप कार्यालय असतं. पाच रुपयांची शिवभोजन थाळी, रिक्षाचालकांना मिळालेलं अनुदान आणि खासगी रुग्णालयांच्या दरावरची मर्यादा हे राज्याचे निर्णय होते. मोफतचं जादा धान्य, उद्योगांना हमीवर मिळालेलं कर्ज आणि फेरीवाल्यांची स्वनिधी योजना केंद्राची. पण स्वनिधीचा अर्ज पालिकेतूनच पुढे जात होता, त्यामुळे तिथे वॉर्ड ऑफिसला जावंच लागायचं.

व्यावसायिकांना स्पष्टच सांगायला हवं: महापालिकेकडून रोख मदतीची फार आशा ठेवू नका. कोविडमध्ये पैशाची मदत मुख्यतः राज्य आणि केंद्राकडून आली. पालिकेचा वाटा होता परवानगी, शिफारसपत्र, तपासणी आणि लस यांचा. पण ते नसेल तर बाकीच्या योजनांची दारंही उघडत नाहीत, म्हणून त्याचं मोल कमी समजू नये.

तिसरी पायरी: साथ नसतानाच नोंदी करून ठेवा

भाड्याने राहत असाल तर घराचा करार नोंदणीकृत करून घ्या आणि त्याची प्रत जपून ठेवा. तुमच्या नावावर इथला पत्ता असलेला एक तरी कागद हवा. रेशनकार्ड गावाकडचं असलं तरी आधारशी जोडलेलं असू द्या. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेमुळे ते मुंबईतल्या दुकानात चालतं.

छोटं दुकान असेल तर गुमास्ता, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा कागद, काढा. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कामगार ठराविक संख्येपेक्षा कमी असतील तर ऑनलाइन सूचना दिली की पुरतं, पूर्ण नोंदणीची गरज नसते. मुंबईत हे काम महापालिकाच पाहते. सोबत केंद्राची छोट्या उद्योगांसाठीची उद्यम नोंदणीही करून टाका, ती मोफत आहे.

घरकाम करत असाल, बांधकामावर असाल, रिक्षा चालवत असाल तर आपापल्या कल्याणकारी मंडळाची नोंदणी किंवा परवाना चालू ठेवा. याचं कारण एप्रिल 2021 मध्ये ठळकपणे दिसलं. राज्याने निर्बंध लावताना जी मदत जाहीर केली, तिच्यात नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत घरेलू कामगार आणि बांधकाम कामगार यांना प्रत्येकी 1500 रुपये होते. प्रत्येक गटापुढचा ‘नोंदणीकृत’ किंवा ‘परवानाधारक’ हा शब्द पाहा. दुसऱ्याची रिक्षा पाळीवर चालवणाऱ्याच्या हाती त्यातलं काही आलं नाही.

चौथी पायरी: ताप आला, आता?

एप्रिल-मे 2020 मध्ये या शहरात खाट मिळवण्यासाठी लोक एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरत होते आणि 1916 वर ताटकळत होते. जूनमध्ये पद्धत बदलली. आयुक्त इक्बालसिंह चहल यांच्या काळात प्रत्येक वॉर्डात स्वतंत्र वॉर रूम सुरू झाली. एका नियंत्रण कक्षाचा भार 24 ठिकाणी वाटला गेला. प्रयोगशाळांचे अहवाल आधी पालिकेकडे येत, वॉर्डनिहाय वेगळे होत आणि मग त्या त्या वॉर रूममधून रुग्णाला फोन जाई. मोठ्या खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटाही याच वाटपात आणल्या होत्या. ‘मुंबई मॉडेल’ म्हणून ज्याचं कौतुक झालं, त्याचा गाभा हा. रुग्णाने खाट शोधायची नाही, वॉर्डाने शोधून द्यायची.

पुन्हा तशी वेळ आली तर तुम्ही काय कराल?

आधी वॉर्डाच्या आरोग्य केंद्रात किंवा फीव्हर क्लिनिकमध्ये जाऊन तपासून घ्या. चाचणी पालिकेच्या केंद्रात मोफत असते. खासगी प्रयोगशाळेत जायचं तर सरकारने ठरवलेला ताजा दर आधी पाहा. कोविडच्या आरटी-पीसीआर चाचणीचा दर सुरुवातीला 4500 रुपये होता. जून 2020 मध्ये तो 2200 आणि घरून नमुना घेतल्यास 2800 झाला, आणि मार्च 2021 च्या शेवटी प्रयोगशाळेत जाऊन दिल्यास 500 वर आला. दर इतके बदलतात, त्यामुळे गेल्या महिन्याची ऐकीव माहिती चालत नाही.

चाचणी देताना फॉर्मवर पत्ता आणि मोबाइल क्रमांक अचूक लिहा. ही बाब किरकोळ वाटते, पण चाळीत नवीन आलेला माणूस गावाकडचा आधारवरचा पत्ता लिहितो आणि त्याचा अहवाल भलत्याच जिल्ह्याच्या यादीत जातो. वॉर रूमला तो सापडतच नाही. आज जिथे झोपता तो पत्ता लिहा: खोली क्रमांक, चाळीचं नाव, जवळची खूण. मोबाइल असा द्या जो घरात कुणीतरी उचलेल.

अहवाल बाधित आला आणि फोन आला तर तीन गोष्टी तयार ठेवा: ऑक्सिमीटरवरचं प्रमाण, आधीचे आजार आणि घरात वेगळी खोली व वेगळं शौचालय आहे की नाही. यावरून ठरतं की घरीच राहायचं, कोविड काळजी केंद्रात जायचं की रुग्णालयात. सौम्य लक्षणांसाठी काळजी केंद्र, मध्यम लक्षणांसाठी समर्पित आरोग्य केंद्र आणि गंभीर रुग्णांसाठी समर्पित रुग्णालय अशी तीन पातळ्यांची रचना होती. वांद्रे-कुर्ला संकुलातलं मैदान, गोरेगावचं नेस्को, वरळीचा एनएससीआय डोम, मुलुंड, दहिसर इथे जम्बो केंद्रं उभी राहिली ती या रचनेचा भाग म्हणून.

जम्बो केंद्र म्हणजे तंबू, तिथे कसले उपचार, असं म्हणून अनेकांनी पहिल्या लाटेत नकार दिला आणि खासगी खाटेची वाट पाहत वेळ घालवला. कृपा करून तसं करू नका. या केंद्रांत ऑक्सिजनच्या खाटा होत्या आणि अतिदक्षता विभागही होते. दुसऱ्या लाटेत, एप्रिल 2021 मध्ये, सहा रुग्णालयांतला ऑक्सिजन संपत आला तेव्हा पालिकेने एका रात्रीत 168 रुग्ण दुसरीकडे हलवले. एवढे रुग्ण हलवायला जागा होती, कारण शहराने ही केंद्रं आधीच बांधून ठेवली होती.

पाचवी पायरी: रुग्णालयाचं बिल तपासा

मे 2020 मध्ये राज्याने खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांचे दर बांधून दिले. साध्या विलगीकरण कक्षासाठी दिवसाला 4000 रुपये, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता 7500, व्हेंटिलेटरसह 9000. त्यात खाट, नर्सिंग, डॉक्टरांची तपासणी आणि जेवण धरलेलं होतं. पीपीई किट, काही महागडी औषधं आणि एमआरआयसारख्या तपासण्या वेगळ्या. अनेक बिलांमध्ये आकडा फुगला तो या वेगळ्या रकान्यात, म्हणून तो ओळीओळीने वाचा आणि किटची संख्या दिवसांच्या संख्येशी ताडून पाहा.

दाखल होतानाच विचारा: ही खाट 80 टक्क्यांतली की 20 टक्क्यांतली? वॉर रूममधून मिळालेली खाट नियंत्रित दराची असायची. बिलावर शंका आली तर पालिकेने मोठ्या खासगी रुग्णालयांसाठी लेखापरीक्षक नेमले होते, त्यांच्याकडे लेखी तक्रार करता येत होती. पैसे भरले तरी मूळ बिल आणि पावती देऊ नका, प्रत द्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, म्हणजे राज्याच्या मोफत उपचारांच्या योजनेत, बसता का तेही विचारा. मे 2020 मध्ये ती पांढऱ्या शिधापत्रिकेवाल्यांसह राज्यातल्या सगळ्यांसाठी खुली झाली होती, हे दाखल झालेल्या अनेकांना ठाऊकच नव्हतं. संलग्न रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसतो, त्याला शोधा.

सहावी पायरी: इमारत सील झाली किंवा तुम्ही वस्तीत राहता

पालिकेला इमारत बंद करायचा अधिकार मिळतो तो 1897 च्या साथरोग कायद्यातून. हा कायदा याच शहरामुळे आला. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी, आणि पुढच्याच वर्षी हा कायदा झाला. तेव्हा घरात घुसून केलेल्या झडत्यांनी लोक बिथरले होते. कोविडमध्ये मात्र ज्या वॉर्डांनी लोकांना सोबत घेतलं, तिथे काम सोपं झालं.

किती रुग्ण सापडले की मजला सील आणि किती झाले की सगळी इमारत, हे निकष बदलत गेले. त्यामुळे अफवेवर न जाता वॉर्डाचा लेखी आदेश मागा. सोसायटीने पहिल्याच दिवशी यादी करावी: एकटे राहणारे ज्येष्ठ, गरोदर स्त्रिया, डायलिसिसवर असलेले, रोजची औषधं लागणारे. भाडेकरू आणि घरकाम करून तिथेच राहणाऱ्या बायका या यादीतून हमखास सुटतात. तुम्ही नवीन भाडेकरू असाल तर स्वतः जाऊन नाव घाला.

वस्तीत राहणाऱ्यांसाठी खोलीतलं विलगीकरण हा शब्दच फोल आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं असतील तर वेगळं कुठे बसायचं? धारावीत 1 एप्रिल 2020 ला पहिला रुग्ण सापडला. जी उत्तर वॉर्डाने तेव्हाच ओळखलं की इथे रुग्णाची वाट बघत बसून भागणार नाही. तिथल्याच खासगी डॉक्टरांना पीपीई किट देऊन घरोघर तपासणी झाली, शाळा आणि क्रीडा संकुलात विलगीकरण केंद्रं झाली, जेवण तिथेच मिळालं आणि सार्वजनिक शौचालयं दिवसातून अनेकदा धुतली गेली. 10 जुलै 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेऊन कौतुक केलं. त्याच महिन्यात शहरातल्या तीन वॉर्डांच्या रक्तचाचणी सर्वेक्षणातून दिसलं की वस्त्यांमध्ये सुमारे 57 टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला होता, वस्त्यांबाहेर 16 टक्क्यांना. एवढ्या फरकाचं एक मोठं कारण सामायिक शौचालय. त्यामुळे वस्तीने पालिकेकडे पहिली मागणी करावी ती शौचालयाच्या स्वच्छतेची आणि साबण-पाण्याची. सॅनिटायझरच्या बाटल्या नंतर.

आणि विलगीकरण केंद्रात जायला घाबरू नका. घरच्यांना वाचवायचा तोच मार्ग आहे.

सातवी पायरी: दुकान आणि व्यवसाय

साथीतले नियम राज्य सरकार काढतं, पण शहराची परिस्थिती पाहून पालिका आयुक्त ते जास्त कडक ठेवू शकतात. जून 2021 मध्ये राज्याने निर्बंधांचे पाच स्तर केले. तेव्हा मुंबईला तिसऱ्या स्तरात ठेवलं गेलं, बाधितांचं प्रमाण घटल्यावरही. म्हणून टीव्हीवर राज्याचा निर्णय ऐकून शटर वर करू नका. आयुक्तांचं परिपत्रक वाचा, त्यातही आपल्या धंद्याचा उल्लेख असलेली ओळ.

2020 च्या जूनमध्ये दुकानं उघडली ती रस्त्याच्या एका बाजूची एक दिवस, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी. हॉटेलांत बसून जेवायला परवानगी मिळाली ती 5 ऑक्टोबरला, निम्म्या क्षमतेने. तोवर पार्सल. ज्यांनी पहिल्याच आठवड्यात फोनवर ऑर्डर आणि घरपोच माल सुरू केला, ते किराणावाले तगले. हे एवढ्यासाठी सांगतो की तुमच्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर आजच वहीत असायला हवेत.

कामगारांचं काय? गाव सोडून आलेला कामगार परत गेला तर दुकान उघडूनही उपयोग नाही. त्याची राहायची सोय, लस आणि पगाराचा काही हिस्सा याची जबाबदारी मालकाने घ्यावी असं मला मनापासून वाटतं. लोकल 15 ऑगस्ट 2021 पासून सामान्य प्रवाशांना खुली झाली ती दोन डोस घेऊन 14 दिवस झालेल्यांसाठीच, आणि प्रमाणपत्र तपासायला स्थानकांवर पालिकेचे मदत कक्ष होते. ज्या मालकांनी कामगारांची लस लवकर करून घेतली, त्यांची माणसं पहिल्या दिवसापासून कामावर येऊ शकली.

कर्जासाठी बँकेत जा. मे 2020 च्या आपत्कालीन हमी योजनेत 29 फेब्रुवारी 2020 ला जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या 20 टक्क्यांपर्यंत जादा कर्ज, तारण न देता, सरकारी हमीवर मिळत होतं. साहजिकच ज्याचं आधी बँकेत कर्ज नव्हतं, त्याला ही योजना लागू नव्हती.

फेरीवाल्यांचा प्रश्न याहून बिकट. मुंबईत 2014 च्या सर्वेक्षणात सुमारे 99 हजार अर्ज आले आणि पात्र ठरले साधारण 15 हजार. बाकीचे रस्त्यावर होते, कागदावर नव्हते. जून 2020 ची पीएम स्वनिधी योजना त्यांच्यासाठी महत्त्वाची ठरली, कारण सर्वेक्षणातून सुटलेल्यालाही पालिकेचं शिफारसपत्र घेऊन 10 हजारांचं कर्ज मागता येत होतं. वेळेवर हप्ते फेडणाऱ्याला व्याजावर 7 टक्के अनुदान आणि पुढच्या वेळी मोठी रक्कम. शिफारसपत्रासाठी धंदा करत असल्याचा पुरावा लागतो: जुन्या दंडाच्या पावत्या, संघटनेचं ओळखपत्र. दंडाची पावती फाडून टाकू नका, ती तुमच्या धंद्याचा सरकारी पुरावा आहे.

आठवी पायरी: कुणी गेलं तर

हे लिहिताना जड जातं, पण वगळता येत नाही. मृत्यूची नोंद 21 दिवसांत होते ना ते पाहा. रुग्णालयात मृत्यू झाला तर नोंद रुग्णालय पाठवतं, घरी झाला तर डॉक्टरांचं कारणाचं प्रमाणपत्र घेऊन तुम्हाला हालचाल करावी लागते. दाखला वॉर्डाच्या आरोग्य विभागातून मिळतो. चार-पाच प्रती एकदम घ्या आणि नावाचं स्पेलिंग आधारशी जुळवून पाहा.

चाचणीचा अहवाल, रुग्णालयाची फाइल, औषधांच्या चिठ्ठ्या यातलं काही टाकू नका. कोविडमृतांच्या वारसांना 50 हजार रुपये देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या मंजुरीने ऑक्टोबर 2021 मध्ये पक्का झाला, म्हणजे अनेक मृत्यूंनंतर वर्ष-दीड वर्षाने. तोवर कित्येक घरांनी कागद फेकून दिले होते. बाधित आढळल्यापासून 30 दिवसांत झालेला मृत्यू त्यात धरला जात होता, घरी झाला असला तरी. अर्ज ऑनलाइन होता. दाखल्यावर कारण वेगळं लिहिलं गेलं असेल किंवा अर्ज नाकारला गेला असेल तर तक्रार निवारण समितीकडे दाद मागता येत होती, आणि ती मागावी. 20 मार्च 2022 नंतरच्या मृत्यूंसाठी अर्जाला 90 दिवसांची मुदत घालण्यात आली होती, तेव्हा दुःखातही तारखेवर लक्ष ठेवायला घरातल्या एकाला सांगा.

आईवडील दोघंही गेलेल्या मुलांसाठी राज्याने जून 2021 मध्ये पाच लाखांची मुदत ठेव आणि बालसंगोपनाचं मासिक अनुदान मंजूर केलं. केंद्राची पीएम केअर्स योजना वेगळी होती. ही कामं वॉर्ड ऑफिसमध्ये होत नाहीत. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जावं लागतं, आणि मुंबईत जिल्हे दोन आहेत: शहर आणि उपनगर. मूल सध्या जिथे राहतं तो पत्ता कोणत्या जिल्ह्यात येतो ते विचारून त्याच कार्यालयात अर्ज करा.